पहिले सत्र

महाविद्यालयात प्रवेश मिळाला की शिक्षणाचा प्रश्न सुटला, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात, गुणपत्रिकेच्या सत्यप्रती काढल्या जातात आणि प्रवेशाच्या यादीत नाव दिसले की घरातील वडीलधारी माणसे निश्चिंत होतात. आता तीन वर्षांनी पदवी हाती पडेल तेव्हा पाहायचे! मधल्या काळात काय घडते याची चौकशी सहसा कोणी करत नाही. त्यातही जून महिन्यात कॉलेज सुरू झाल्यापासून दिवाळीच्या सुटीपर्यंतच्या चार-साडेचार महिन्यांत विद्यार्थ्याच्या मनात काय चालले आहे, हे तर पुष्कळदा त्याच्या बाकावर शेजारी बसणाऱ्यालाही ठाऊक नसते. माझे मत असे आहे, की उच्च शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांपैकी कित्येकांचा निर्णय याच काळात होऊन गेलेला असतो. हजेरीपटावरून नाव कमी होते ते नंतर.

हे मत मी कोणत्याही अहवालातून उचललेले नाही. ते माझ्या स्वतःच्या पहिल्या सत्रातून आले आहे, आणि ते पक्के व्हायला मला बावीस वर्षे लागली.

१९८७ च्या जून महिन्यात शाहूवाडी तालुक्यातील एका लहानशा गावातून मी कोल्हापूरला कॉलेजात दाखल झाले. कोल्हापूर हे बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्या मुलांचे जुने गाव. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली तेथे मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी अशीच वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला नुसती शाळा दाखवून भागत नाही, त्याला शहरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे अन्न लागते, हे त्या राजाने ओळखले होते. मी ज्या मुलींच्या वसतिगृहात राहिले ते पुष्कळ नंतरचे. पण पाठ टेकायला जागा मिळाली होती आणि अन्नाची सोय एसटीने केली होती. सकाळच्या गाडीने घरचा डबा येई, आणि भाकरी वातड होण्याच्या आत स्टँडवर जाऊन तो आणणे हे आमच्यापैकी अनेकींचे रोजचे काम असे.

माझ्या खोलीत पन्हाळा तालुक्यातील एक मुलगी होती. बारावीला ती तिच्या परीक्षा केंद्रात पहिली आली होती. तिच्यापेक्षा मला सव्वीस गुण कमी होते. हा तपशील मी मुद्दाम सांगते आहे. आम्ही दोघींनी अर्थशास्त्र हा विषय घेतला होता, कारण बारावीला तो आम्हांला आवडला होता आणि चांगले गुणही मिळाले होते. वर्गात शंभराच्या वर मुले. सर मोठे व्यासंगी. शिकवायचे मराठीतच, परंतु महत्त्वाचा शब्द आला की तो इंग्रजीत उच्चारायचे आणि त्याचा मराठी प्रतिशब्द देण्याची त्यांना आवश्यकता वाटत नसे. आमच्या पिढीला इंग्रजीची ओळख पाचवीत झाली. पहिलीपासून इंग्रजी हा निर्णय महाराष्ट्रात २००० साली आला. सात-आठ वर्षे इंग्रजी शिकूनही ते आम्ही फक्त परीक्षेच्या कागदावर पाहिलेले होते, कोणाच्या तोंडून ऐकलेले नव्हते.

ऑगस्टमध्ये सरांनी एक प्रकरण सुरू केले. तासभर ‘इलॅस्टिसिटी’ हा शब्द कानांवर पडत होता. फळ्यावर दोन रेषा, त्यांवर वक्र, बाजूला इंग्रजी अक्षरे. मी सगळे वहीत उतरवून घेत होते आणि सरांची नजर आमच्या बाकाकडे वळली की मान हलवत होते. शेजारी बसलेली माझी मैत्रीणही मान हलवत होती. ही मान हलवण्याची क्रिया मोठी मजेदार असते. पुढच्याला वाटते मागच्यांना कळते आहे, मागच्याला वाटते पुढच्यांना कळते आहे, आणि शिकवणाऱ्याला वाटते सगळ्यांनाच कळते आहे. शंभर माणसे एकमेकांना फसवत असतात आणि त्यांतल्या एकाच्याही मनात फसवण्याचा हेतू नसतो.

सहा आठवडे असे गेले. मग सप्टेंबरच्या अखेरीस एके दिवशी तास संपल्यावर, वर्ग रिकामा झाल्याची खात्री करून घेऊन, मी दारातच सरांना गाठले आणि अगदी खालच्या आवाजात विचारले, “सर, इलॅस्टिसिटी म्हणजे काय?”

“लवचिकता. मागणीची लवचिकता. बारावीला नव्हतं का तुम्हांला?”

होते. चांगले पाठ होते. मिठाची किंमत दुप्पट झाली म्हणून कोणी आळणी जेवत नाही, तेव्हा मिठाची मागणी अलवचिक. पण चैनीची वस्तू महागली तर माणूस ती घेणे पुढे ढकलतो, तेव्हा तिची मागणी लवचिक. या प्रश्नाचे उत्तर मी बोर्डाच्या परीक्षेत लिहिले होते. सहा आठवडे ज्या वस्तूच्या भीतीने माझी झोप उडाली होती, ती माझ्याच ट्रंकेत घडी घालून ठेवलेली होती; तिच्यावरचे नाव तेवढे बदलले होते. “मग इतके दिवस विचारलं का नाहीस?” सरांनी आश्चर्याने विचारले. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते.

त्या दिवशी मी वसतिगृहावर परतले आणि मैत्रिणीला म्हणाले, “अगं, इलॅस्टिसिटी म्हणजे आपली ती लवचिकता.” एवढेच. मला हे आत्ता तासाभरापूर्वी कळले, गेले सहा आठवडे मीही अंधारात होते, हे मी तिला सांगितले नाही. जणू काही मला ते पहिल्यापासून ठाऊक होते, अशा सहजपणे सांगितले. त्या वेळी त्यात काही गैर आहे असे मला वाटले नव्हते.

असाच दुसरा प्रसंग ग्रंथालयातला. कॉलेजच्या ग्रंथालयात तेव्हा कपाटांपर्यंत जाता येत नसे. खिडकीवर चिठ्ठी द्यायची आणि आतून पुस्तक यायचे. बाहेर लाकडी खणांत कार्डे लावलेली असत, पण त्यांचे काय करायचे हे कोणी सांगितले नव्हते. मी दोनदा पुस्तकाचे नाव लिहून चिठ्ठी दिली आणि दोन्ही वेळा ती परत आली. तिसऱ्यांदा जाण्याचे धैर्य झाले नाही. शेवटी पुस्तके लावून ठेवणाऱ्या एका वयस्क परिचरांनीच मला बाजूला बोलावले. “पोरी, नुसतं नाव नको. कार्डाच्या कोपऱ्यात आकडा असतो बघ, तो लिही. मराठी साहित्याचं पुस्तक पाहिजे का? मग आठशे एक्याण्णव पॉइंट चार सहा.” दशांश वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ हा आहे. जगातल्या ज्या ज्या ग्रंथालयांत ही पद्धत वापरतात, तेथे मराठी पुस्तके याच आकड्याखाली सापडतात. पुढे मी मराठीची पदवी घेतली, एम.ए. केले, अनेक ग्रंथालयांत बसले. हा आकडा मला कधी शोधावा लागला नाही. त्या परिचरांचे स्वतःचे शिक्षण किती झाले होते, ते मी त्यांना कधीच विचारले नाही. माझ्या पहिल्या सत्रातले ते सर्वांत चांगले शिक्षक होते, असे मात्र मला आज वाटते.

बाकीच्या गोष्टी सगळ्यांच्या आयुष्यात येतात तशा माझ्याही आल्या. महिन्याचे पैसे वीस तारखेलाच संपणे, पाच तास झाले की रिकामी पडलेली दुपार, तिचे काय करायचे हे सांगायला कोणी नसणे. त्यांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. माणूस ठेचकाळतो आणि शिकतो. पण कार्यालयाबाहेरच्या सूचना फलकाबद्दल एक वाक्य लिहिले पाहिजे. ईबीसीच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या फीसवलतीच्या अर्जाची मुदत त्या फलकावर इंग्रजीत लावलेली होती. माझ्या मैत्रिणीने ती वाचली नाही आणि मुदत टळली. तिच्या वडिलांना पूर्ण फी भरावी लागली. त्यासाठी त्यांनी कोणाकडून तरी उसने पैसे आणले. ती त्यानंतर आठवडाभर कोणाशी बोलली नाही.

दिवाळीपूर्वी सत्र परीक्षा झाली. अर्थशास्त्रात मला चौतीस गुण मिळाले, तिला एकवीस. सुटीला आम्ही दोघी एकाच दिवशी गेलो. सुटीनंतर ती आली नाही. तिचे लग्न ठरले, असे आम्हांला कळले. तिचा भाऊ येऊन ट्रंक घेऊन गेला. मुलीचे शिक्षण लग्नामुळे सुटणे ही गोष्ट तेव्हा इतकी नेहमीची होती, की आम्ही कोणी त्याचा दुसरा अर्थ लावला नाही. चार दिवस हळहळलो आणि तिच्या कॉटवर दुसरी मुलगी आली.

पहिल्या सत्रात माघार घेणाऱ्यांची गोष्ट निघाली की मला एका फार मोठ्या माणसाचे उदाहरण आठवते. १८८७ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झालेला एक मुलगा १८८८ च्या आरंभी भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाला. मुंबईपेक्षा तेथे खर्च कमी, म्हणून घरच्यांनी ते कॉलेज निवडले होते. प्राध्यापक नामांकित होते. परंतु त्यांची व्याख्याने त्या मुलाला समजेनात, मग गोडी कोठून लागणार? पहिले सत्र संपताच तो घरी परतला, आणि त्या कॉलेजात पुन्हा गेला नाही. या मुलाचे नाव मोहनदास करमचंद गांधी. हा प्रसंग त्यांनी स्वतःच आत्मकथेत सांगितला आहे आणि सगळा दोष स्वतःच्या कच्चेपणाकडे घेतला आहे.

महात्माजींविषयी पूर्ण आदर राखून मला म्हणावेसे वाटते, की तो दोष एकट्या त्या मुलाचा नव्हता. घरी गुजराती बोलणारा मुलगा इंग्रजी व्याख्यानांपुढे बसला होता. पुढे १९३८ साली ‘हरिजन’मध्ये त्यांनीच लिहिले, की गणित, रसायन, खगोल यांसारखे जे विषय शिकायला त्यांना चार वर्षे लागली, ते गुजरातीतून एका वर्षात सहज आले असते. म्हणजे कारण त्यांना कळले होते. परंतु अठरा-एकोणीस वर्षांच्या वयात ते कळले नव्हते. त्या वयात माणसाला आपणच कमी आहोत असे वाटते. त्यांच्या घरी येणाऱ्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी विलायतेचा मार्ग सुचवला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते बोटीने निघाले. लंडनमध्ये त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली, लॅटिनमध्ये नापास झाले, पुन्हा बसले आणि उत्तीर्ण झाले. पहिल्या सत्रात परतलेल्या प्रत्येकाला असा दुसरा दरवाजा मिळत नाही. आमच्या वसतिगृहातल्या मुलींना तर मुळीच मिळत नव्हता.

यावर काही प्राध्यापक मित्र म्हणतात, “पोहायला शिकायचे तर पाण्यात पडावेच लागते. ज्याच्यात धमक आहे तो तरतोच.” मी इतकेच विचारते, की जो तरला नाही त्याच्यात धमक नव्हती हे आपण कशावरून ठरवले? माझ्या मैत्रिणीत माझ्यापेक्षा सव्वीस गुणांची धमक जास्त होती. मी टिकले, कारण एका दुपारी मी दारात सरांना गाठले आणि एका परिचराने मला आकडा सांगितला. यात माझी हुशारी किती आणि योगायोग किती, याचा हिशेब मांडायला गेले तर योगायोगाचे पारडे जड होते.

आता काळ पालटला आहे, हे खरे. २०१५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांवर आधारलेल्या पद्धतीचा पुरस्कार केला आणि वार्षिक परीक्षेच्या जागी सत्र परीक्षा बहुतेक ठिकाणी रुळल्या. २०१९ मध्ये नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी ‘दीक्षारंभ’ नावाचा उपक्रम आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मध्येच बाहेर पडण्याची आणि पुन्हा आत येण्याची सोय ठेवली. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. या सुधारणा मला मोलाच्या वाटतात. परंतु ज्याने चौथ्या महिन्यात, परीक्षेपूर्वीच, गाशा गुंडाळला त्याच्या हाती यांतले काहीच पडत नाही. शिवाय सत्र परीक्षेमुळे गोंधळायला मिळणारा अवधी कमी झाला आहे. आम्हांला वर्षाच्या शेवटी सावरून घेता येई, आताच्या मुलाला चार-पाच महिन्यांतच निकालाला सामोरे जावे लागते. आणि स्वागताचे कार्यक्रम पहिल्या आठवड्यात असतात! पहिल्या आठवड्यात नव्या विद्यार्थ्याला काही अडलेलेच नसते, तो विचारणार काय? त्याला विचारायचे असते ते सहाव्या-सातव्या आठवड्यात. आणि तेव्हा हारतुरे सुकून गेलेले असतात. प्रत्येक महाविद्यालयाने सातव्या आठवड्यात दोन दिवस नेहमीचे तास बंद ठेवावेत आणि ‘काय कळले नाही’ एवढ्याच विषयावर मुलांना बोलते करावे, अशी माझी सूचना आहे. तीही मुलांनी नव्हे, प्रथम शिक्षकांनी सुरुवात करून. स्वतः विद्यार्थी असताना आपल्याला काय कळले नव्हते, हे शिक्षकाने सांगितले तर पुढच्या गोष्टी आपोआप घडतील.

तुमच्यापैकी जे मुक्त विद्यालयातून बारावी होऊन महाविद्यालयात जाणार आहेत, त्यांना या बाबतीत काही गोष्टी अवघड जातील आणि काही इतरांपेक्षा सोप्या जातील. अवघड कोणत्या, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पस्तिसाव्या वर्षी अठरा वर्षांच्या मुलांत बसायचे. त्यांनी ‘काका’, ‘मावशी’ म्हणून हाक मारायची. घरी परतल्यावर स्वयंपाक किंवा दुकान वाट पाहत असायचे. बेळगावच्या, इंदूरच्या किंवा वडोदऱ्याच्या मराठी विद्यार्थ्याला तर कॉलेजात एक नव्हे, दोन-दोन भाषांशी गाठ घालावी लागते. पण तुम्ही एकट्याने पुस्तक उघडून बसायला शिकलेले आहात. नियमित शाळेतून आलेल्या मुलाला हे येत नसते. त्याला आजवर कोणीतरी समोर उभे राहून शिकवलेले असते. पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसण्याची मुभा असलेल्या पद्धतीत तुम्ही वाढला आहात, त्यामुळे एका विषयात नापास होणे म्हणजे काही जगबुडी नव्हे, हे तुम्हांला अनुभवाने माहीत आहे. आणि रविवारच्या संपर्क वर्गात तुम्ही प्रश्न विचारता. मी अशा वर्गांना अनेकदा गेले आहे. दिवसभर काम करून आलेला माणूस वेळ फुकट घालवायला तयार नसतो. कळले नाही की तो सरळ हात वर करतो. हा हात महाविद्यालयातही वर राहू द्या. शेजारचा अठरा वर्षांचा मुलगा मनातल्या मनात तुमचे आभार मानील. तो मान हलवत बसलेला असेल.

माझी मैत्रीण मला पुन्हा भेटली ती २००९ च्या मे महिन्यात, एका लग्नात. मधली सगळी वर्षे मी तिच्याविषयी कोणाशी बोलताना “लग्नामुळे तिचं शिक्षण राहिलं” असेच म्हणत आले होते. तेच तिच्यासमोरही म्हणाले. ती हसली.

“लग्नामुळं नाही गं. स्थळ आलं तेव्हा वडील म्हणाले होते, तुला शिकायचं असेल तर नाही म्हणून सांगतो. मीच हो म्हटलं. परत त्या वर्गात जाऊन बसायचं नव्हतं मला. तुला सगळं यायचं. मला वाटायचं, इथं आपल्या एकटीचंच डोकं चालत नाही.”

मी तिला इलॅस्टिसिटीची सगळी हकीकत सांगितली. दाराशी सरांना गाठल्याची, आणि खोलीवर येऊन काय लपवले त्याचीही. ती बराच वेळ काही बोलली नाही. रागावली असेल असे मला वाटले, आणि तसा तिला हक्कही होता. मग तिने मांडवात दूर उभ्या असलेल्या आपल्या धाकट्या मुलीला हाक मारली. मुलगी नुकतीच बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होती. जूनमध्ये सांगलीला कॉलेजात जाणार होती.

“हिला ओळखतेस का? एम.ए. झालीय ही. पुस्तकं काढते. हिला पण कॉलेजात काही कळत नव्हतं. नुसती मान हलवायची. विचार हवं तर.”

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी हो म्हटले.